साहेब बदलले तरी टिकणारा करार: जिल्हा परिषदेसोबत काम सुरू करताना काय, कधी आणि कोणत्या क्रमाने

दरवर्षी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मला छोट्या संस्थांचे एकाच मजकुराचे चार-पाच फोन येतात. "साहेब बदलले. नवे साहेब म्हणतात, या कराराचं मला काही माहीत नाही. आता काय करू?" मी विचारतो, फाइल कोणत्या टेबलावर आहे? पलीकडे शांतता. कराराची फ्रेम संस्थेच्या भिंतीवर असते, सहीच्या कार्यक्रमाचा फोटो स्थानिक पेपरात येऊन गेलेला असतो. पण ज्या टिपणीवर (मंजुरीसाठी लिपिक फाइलीत लिहितो त्या नोंदीवर) तो करार झाला, ती कुणी लिहिली आणि आता कुठल्या कपाटात आहे, हे संस्थेतल्या कुणालाच सांगता येत नाही. बऱ्याचदा टिपणी झालेलीच नसते. मीही हे एकदा भोगलंय. सही तीन दिवसांत मिळाली म्हणून आम्ही पेढे वाटले, आणि पुढच्या वर्षी सगळं पहिल्यापासून करावं लागलं, कारण कार्यालयात कराराची स्थळप्रतच (फाइलीत राहणारी प्रत) नव्हती.

करार साहेबांशी होत नाही, कार्यालयाशी होतो. खालचे सगळे टप्पे त्याच हिशेबाने लावलेत.

उदाहरण एकच धरतो. तालुक्यातल्या २२ जिल्हा परिषद शाळांत पहिली ते तिसरीच्या मुलांसोबत वाचनाचं काम करू पाहणारी एक छोटी संस्था, आणि तिचा जिल्हा परिषदेशी होणारा बिनपैशांचा सामंजस्य करार. अंगणवाडीत काम करणार असाल तर गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या जागी बालविकास प्रकल्प अधिकारी वाचा आणि केंद्रप्रमुखाच्या (आसपासच्या काही शाळांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याच्या) जागी पर्यवेक्षिका. आरोग्याचं काम असेल तर तालुका आरोग्य अधिकारी. पदं बदलतात, क्रम तोच राहतो.

## टप्पा १: आधी स्वतःचं कपाट उघडा

शासनाकडे जाण्याआधी एक फाइल तयार करा: नोंदणी प्रमाणपत्र, घटना किंवा ट्रस्ट डीड, अनुसूची १ चा उतारा (धर्मादाय कार्यालयातल्या विश्वस्त नोंदवहीचा, ज्याला सगळे पीटीआर उतारा म्हणतात), विद्यमान विश्वस्तांची यादी, गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, पॅन, १२ए आणि ८०जी (आयकर सवलतीच्या नोंदण्या), नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक. कलम ८ खालची कंपनी असाल तर उताऱ्याऐवजी कंपनी निबंधकाकडचे कागद. १२ए जुनं असेल तर नीट पाहा. २०२१ पासून सगळ्यांना नव्याने नोंदणी घ्यावी लागली आहे आणि ती मुदतीची असते. वीस वर्षांपूर्वीचं प्रमाणपत्र लॅमिनेट करून जोडणाऱ्या संस्था अजून भेटतात.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो उताऱ्यावर. उताऱ्यावर नावं जुन्या विश्वस्तांची आणि करारावर सही करायला आलेले अध्यक्ष नवे. विश्वस्त बदलले की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत चेंज रिपोर्ट धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. तो दिलाच नसेल तर कागदोपत्री तुमचे अध्यक्ष अध्यक्ष नाहीत, आणि लिपिकाने फाइल अडवली तर चूक त्याची नाही. रिपोर्ट दिलाय पण तारखांवर तारखा पडताहेत, अशी स्थिती असेल तर अर्जाची पोच आणि प्रकरण क्रमांक जोडा आणि तसं पत्रात लिहा. लपवलं तर ते ऐन सहीच्या दिवशी निघतं.

शिवाय विश्वस्त मंडळाचा ठराव हवा. त्यात तीन गोष्टी स्पष्ट असाव्यात: कोणत्या जिल्हा परिषदेशी, कोणत्या कामासाठी, आणि सही कोण करणार. "योग्य ती कार्यवाही करण्याचे अधिकार सचिवांना देण्यात येत आहेत" असला मोघम ठराव परत येतो.

तपासा: ठराव, उतारा आणि लेटरहेड या तिन्हींवर संस्थेचं नाव अक्षर न् अक्षर सारखं आहे का? "बहुउद्देशीय सेवाभावी संस्था" एका ठिकाणी आणि नुसतं "सेवा संस्था" दुसऱ्या ठिकाणी, एवढ्यावर महिना जातो.

## टप्पा २: काय मागताय ते एका पानात लिहा

बहुतेक प्रस्ताव वीस पानांचे असतात. त्यातली बारा पानं संस्थेच्या कार्याची आणि पुरस्कारांची. ती कुणी वाचत नाही. अधिकाऱ्याला चार गोष्टी कळायला हव्यात: कुठे, कोणासोबत, किती वेळ, आणि माझ्या कर्मचाऱ्यांवर त्याचा भार किती.

म्हणून एका पानात एवढंच लिहा. शाळांची यादी, प्रत्येकीच्या ११ अंकी यू-डायस क्रमांकासह (शाळेचा शासकीय ओळख क्रमांक). गावाच्या नावावर भागवू नका, एकाच गावात वस्तीशाळा धरून तीन शाळा असू शकतात. इयत्ता कोणत्या. आठवड्यातले दिवस आणि रोजची मिनिटं. तुमची माणसं किती. साहित्य कोणाचं. आणि सर्वांत महत्त्वाचं, काय मागत नाही: पैसे नकोत, स्वतंत्र खोली नको, शिक्षकांनी कोणतंही नवं ॲप किंवा रजिस्टर भरायचं नाही.

हे काम शासनाच्या कोणत्या चालू कार्यक्रमाला धरून आहे, तेही एका वाक्यात आलं पाहिजे. पायाभूत वाचनासाठी निपुण भारत आहे. २०२१ मध्ये सुरू झालेल्या या अभियानाने तिसरीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला वाचन आणि गणित यावं यासाठी २०२६-२७ ही मुदत ठेवली होती. संबंधित शासन निर्णय शासनाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या आणि त्याचा क्रमांक, दिनांक संदर्भात टाका. शासन निर्णय वाचताना सुरुवातीची "वाचा" अशी यादी सोडू नका. आधीचे कोणते निर्णय अजून लागू आहेत ते तिथेच कळतं. स्वयंसेवी संस्थांच्या सहभागाबद्दलची ओळ बहुधा शेवटच्या पानांवर, जबाबदाऱ्यांच्या तक्त्यात लपलेली असते. ती सापडली तर अर्धं काम झालं म्हणा, कारण टिपणी लिहिणाऱ्याला आधार मिळतो.

सावधान: "पथदर्शी", "परिवर्तनकारी", "राज्यातील पहिलाच" हे शब्द काढा. "पहिलाच" वाचलं की लिपिक विचारतो, मग याला नियम कोणता लावू?

### वेळापत्रक आधी, अर्ज नंतर

शाळा जूनच्या मध्यावर सुरू होतात, विदर्भात थोड्या उशिरा. काम जूनमध्ये सुरू करायचं तर अर्ज जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात आवक झाला, म्हणजे कार्यालयाच्या टपालात नोंदला गेला पाहिजे. फेब्रुवारीत चर्चा आणि मसुदा. मार्चमध्ये कुणाच्या दारात उभे राहू नका. मार्चअखेरची बिलं सोडून कुणाचं कशात लक्ष नसतं. एप्रिल-मे बदल्यांचे महिने. म्हणजे सही फेब्रुवारीअखेर झाली तर ठीक, नाहीतर थेट जुलै उजाडतो. मधे निवडणुकीची आचारसंहिता लागली तर नवा करार थांबतो आणि शिक्षक मतदार याद्यांच्या कामाला जातात. तेवढे दोन महिने हिशेबात धरून ठेवा.

## टप्पा ३: खालून वर जा

इथे माझं मत अनेकांपेक्षा वेगळं आहे. पुष्कळ संस्था ओळखीतून थेट मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना भेटतात, आदेश घेतात आणि तो घेऊन शाळेत जातात. आदेश चालतो. मुख्याध्यापक खुर्ची देतात, चहा सांगतात, वर्ग दाखवतात. पण "वरून आलेले" हा शिक्का तुमच्या कपाळावर बसतो तो बसतोच. साहेब गेले की शाळेचं वेळापत्रक अचानक फार गच्च होतं.

आधी चार-पाच शाळांत जा. हातात काही न घेता. एका शाळेत मी असाच बसलो होतो. मधली सुट्टी, व्हरांड्यात मुलं खिचडी खात होती. मुख्याध्यापिका बाईंनी आमचं एक पान शांतपणे वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "सर, हे ठीक आहे. पण यात आम्ही फॉर्म कोणता भरायचा?" कोणताच नाही, म्हटल्यावर त्यांचा विश्वास बसला नाही. "पहिल्या महिन्यात नसतो. तिसऱ्या महिन्यात लिंक येते." त्या दिवशी आम्ही प्रस्तावात "कोणतीही ऑनलाइन माहिती मागितली जाणार नाही" हे वाक्य घातलं, आणि पुढे ते करारातही नेलं. बाकी कशाहीपेक्षा त्या एका वाक्याने शाळा उघडल्या.

मग शाळा व्यवस्थापन समिती. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे या समितीत ७५ टक्के पालक असतात आणि निम्म्या महिला. समितीच्या बैठकीला हजर राहा, काम सांगा, प्रश्न घ्या आणि ठराव मागा. ठरावाचा मजकूर साधा असू द्या:

"… संस्थेने इयत्ता १ ली ते ३ री च्या विद्यार्थ्यांसाठी आठवड्यातून तीन दिवस, रोज ४० मिनिटे वाचन सराव घेण्याचा प्रस्ताव मांडला. चर्चेअंती समितीची यास संमती आहे. सदर उपक्रम जिल्हा परिषदेच्या परवानगीनंतर सुरू करावा, असे सर्वानुमते ठरले."

शेवटचं वाक्य मुद्दाम आहे. त्यामुळे मुख्याध्यापकांवर परस्पर परवानगी दिल्याचा ठपका येत नाही.

बावीसच्या बावीस ठराव गोळा करत बसू नका, आठ-दहा पुरे. त्यानंतर केंद्रप्रमुखांना भेटा आणि दर महिन्याच्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत पंधरा मिनिटं मागा. तिथे जी कुरकुर ऐकू येईल ती लिहून घ्या. शेवटी गटशिक्षणाधिकारी: त्यांच्याकडून जिल्ह्याला जाणारं शिफारसपत्र मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तरी त्यांना माहिती दिल्याची पोच तुमच्याकडे हवी, कारण जिल्ह्याहून "अभिप्राय द्यावा" असं पत्र त्यांच्याकडेच येणार आहे.

तपासा: तुमच्या तोंडून पहिल्यांदा हे काम ऐकणारी व्यक्ती जिल्ह्याचे साहेब असतील, तर तुम्ही टप्पा चुकवला आहे.

## टप्पा ४: अर्ज, आवक क्रमांक आणि टेबल

अर्ज मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या नावे. साचा असा:

प्रति, मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, …
विषय: … तालुक्यातील २२ जिल्हा परिषद शाळांमध्ये वाचन सराव उपक्रम विनामोबदला राबविण्यास परवानगी मिळणे व सामंजस्य करार करणेबाबत.
संदर्भ: १) शासन निर्णय क्र. …, दि. … २) शाळा व्यवस्थापन समित्यांचे ठराव (१० प्रती) ३) गटशिक्षणाधिकारी यांचे पत्र, दि. …

खाली चार परिच्छेदांत काम, मग "सहपत्रे" म्हणून जोडलेल्या कागदांची क्रमवार यादी. प्रत शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांना माहितीस्तव.

पत्र दोन प्रतींत न्या. साहेबांच्या हातात देण्याचा मोह होतो, पण आधी टपाल शाखेत द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्या. शिक्का पुसट आला तर पुन्हा मारून मागा, लाजू नका. मग ती शिक्क्याची प्रत घेऊन साहेबांना भेटा. भेटीत ते पत्रावर शेरा लिहितील, बहुधा "शिक्षणाधिकारी, नियमानुसार कार्यवाही" एवढाच. हा शेरा म्हणजे मंजुरी नाही. तो फक्त रस्ता दाखवतो. "नियमानुसार" या शब्दात होकारही असतो आणि नकारही.

आता टेबल शोधा. शिक्षण विभागात तुमचा विषय कोणत्या कार्यासनाकडे येतो, तिथले लिपिक कोण, त्यांच्या वरचे कोण, हे विचारून वहीत लिहा. टिपणी तेच लिहिणार. त्यांना मदत म्हणून प्रस्तावाचा सारांश आणि कराराचा मसुदा युनिकोडमधल्या वर्ड फाइलमध्ये द्या. पीडीएफ दिली तर बिचाऱ्याला सगळं पुन्हा टंकावं लागतं. जुन्या फाँटमध्ये दिली तर उघडताच चिन्हांची रांगोळी दिसते. मसुदा विषय समितीपुढे किंवा स्थायी समितीपुढे जाणार का, हेही इथेच विचारा. जाणार असेल तर पुढच्या सभेची तारीख आणि विषयपत्रिका कधी निघते ते विचारून ठेवा.

किती थांबायचं? बदल्या आणि दिरंगाईबाबतचा २००५ चा महाराष्ट्राचा कायदा आहे. त्याच्या कलम १० नुसार शासकीय कर्मचाऱ्याकडे फाइल साधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये. दुसऱ्या विभागाकडे जायची गरज नसलेल्या प्रकरणात ४५ दिवसांत निर्णय व्हावा, जायची असल्यास तीन महिन्यांत. हे कलम कुणाच्या तोंडावर वाचून दाखवू नका. स्वतःच्या डायरीत मात्र ४५ वा दिवस लिहून ठेवा आणि त्या दिवशी आवक क्रमांकाचा हवाला देऊन एक नम्र स्मरणपत्र द्या. तेही टपाल शाखेतून, पोच घेऊन.

सावधान: आमदारांचं किंवा सभापतींचं शिफारसपत्र जोडण्याआधी दोनदा विचार करा. फाइल पळते हे खरं. पण सत्ता बदलली की तेच पत्र फाइलीत सर्वांत वर दिसतं.

## टप्पा ५: कराराचा मसुदा

चार-पाच पानं पुरतात. मुद्रांक कागदावर करायचा तर ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात शंभराच्या जागी पाचशेचा लागतो. भाषा मराठी ठेवा; केंद्रप्रमुखांनाही तो वाचता आला पाहिजे. कोणकोणती कलमं हवीत याची मोठी यादी देत नाही, भांडणं जिथे होतात तेवढीच सांगतो.

पक्षकार पदनामाने लिहा, व्यक्तीच्या नावाने नाही: "मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, … (यापुढे यांच्या जागी येणारे पदाधिकारी यांसह)". समन्वय अधिकारीही पदनामानेच. अमुक विस्तार अधिकारी चांगले आहेत म्हणून त्यांचं नाव घातलं, आणि त्यांची बदली झाली, की करारात समन्वयकच उरत नाही.

"या करारामुळे जिल्हा परिषदेवर कोणताही आर्थिक भार येणार नाही" हे वाक्य स्वतंत्र कलम म्हणून घाला. हे नसेल तर फाइल वित्त विभागाकडे जाते आणि तिथून कधी येईल ते सांगता येत नाही. त्याच्याच शेजारी आणखी एक कलम अधिकारी हमखास मागतात: संस्थेचे कार्यकर्ते शासकीय सेवेवर हक्क सांगणार नाहीत. निमूट घाला, वाद घालू नका. पूर्वी असे दावे झालेले आहेत.

मुलांची माहिती आणि फोटो. वाचन चाचणीचे निकाल नावानिशी कुणाकडे राहतील? देणगीदाराला काय दाखवाल? आमचं कलम असं असतं: "संस्था विद्यार्थ्यांची नावे, आधार क्रमांक अथवा पत्ते संकलित करणार नाही. चाचणीच्या नोंदी वर्ग व संख्या या स्वरूपात ठेवल्या जातील. छायाचित्रे पालकांच्या लेखी संमतीनेच वापरली जातील." संस्थेला हे गैरसोयीचं आहे, मान्य. पण एक फोटो चुकीच्या मथळ्याखाली व्हायरल झाला की दोन वर्षांचं काम जातं.

निष्कर्ष प्रसिद्ध करण्याचा हक्क. याबद्दल संस्था बोलायला कचरतात आणि मग अहवाल कपाटात राहतो. "संस्था उपक्रमाचे निष्कर्ष प्रसिद्ध करू शकेल, प्रसिद्धीच्या १५ दिवस आधी प्रत जिल्हा परिषदेस देईल व त्यावरील अभिप्राय अहवालात समाविष्ट करील." असं लिहिलं की दोन्ही बाजूंना श्वास घेता येतो. कुठलाच निष्कर्ष परवानगीशिवाय छापायचा नाही अशी अट कुणी घालत असेल, तर मी सही करणार नाही.

मुदत तीन शैक्षणिक वर्षं मागा. एक वर्ष मिळेल, तीही चालेल. दर सहा महिन्यांनी आढावा बैठक, तिचं इतिवृत्त, आणि दोन्ही बाजूंना एक महिन्याच्या नोटिशीने बाहेर पडण्याची सोय. चालू सत्राच्या मधे बाहेर पडायचं नाही, असं मात्र जोडा.

तपासा: सहीनंतर तीन प्रती: एक तुमची, एक शिक्षण विभागाच्या फाइलीत, एक पंचायत समितीत. फाइलीतली प्रत खरंच लागली का ते डोळ्यांनी पाहून या. टिपणीचा क्रमांक आणि दिनांक उतरवून घ्या. कार्यालय ई-ऑफिसवर असेल तर फाइलचा संगणकीय क्रमांक.

## टप्पा ६: सहीनंतरचं पत्र

करार शाळेपर्यंत आपोआप पोहोचत नाही. शिक्षणाधिकाऱ्यांकडून गटशिक्षणाधिकाऱ्यांना पत्र निघावं लागतं, तिथून केंद्रप्रमुखांना, तिथून शाळांना. या पत्राचा मसुदाही तुम्हीच द्या. त्यात शाळांची यादी, दिवस, वेळ आणि तुमच्या कार्यकर्त्यांची नावं फोटोसह. कार्यकर्त्यांची पोलीस चारित्र्य पडताळणी आधीच करून घेतलेली असावी. ती नसताना कुणालाही मुलांमध्ये पाठवू नका, घाई कितीही असली तरी.

पत्र शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडलं म्हणजे पोहोचलं असं धरू नका. पहिल्या आठवड्यात कार्यकर्तीने छापील प्रत हातात घेऊनच शाळेत जावं.

## टप्पा ७: पहिलं सत्र

इथे कामापेक्षा सवयी महत्त्वाच्या. शाळेत गेल्यावर भेट नोंदवहीत वेळ आणि काय घेतलं ते दोन ओळींत लिहायचं. येणार नसाल तर आदल्या दिवशी मुख्याध्यापकांना फोन. दर महिन्याला केंद्रप्रमुखांना एक पान: किती शाळा, किती दिवस झाले, किती बुडाले आणि का. बुडालेल्या दिवसांचा रकाना कधीच रिकामा ठेवू नका. सगळं छान चाललंय असा अहवाल तिसऱ्या महिन्यानंतर कुणी उघडत नाही.

शाळेत काही चुकीचं दिसलं तर? पोषण आहारात किडे, वर्गावर शिक्षकच नाहीत, असं काही. आधी मुख्याध्यापकांशी बोला. आठवड्यात फरक पडला नाही तर केंद्रप्रमुख, मग गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी. ग्रुपवर फोटो टाकून किंवा पत्रकाराला फोन करून सुरुवात करू नका. गप्पही बसू नका. जे पालक तुम्हाला समितीत होकार देऊन गेले, त्यांना तुम्ही रोज वर्गात असता हे ठाऊक आहे.

या उतरंडीला एकच अपवाद: मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा तशी शंका आली, तर मुख्याध्यापकांच्या परवानगीची वाट पाहायची नाही. पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि न कळवणं कलम २१ खाली गुन्हा. १०९८ हा चाइल्डलाइनचा (मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा) क्रमांक प्रत्येक कार्यकर्तीच्या फोनमध्ये असू द्या. करार राहील का जाईल, हा प्रश्न त्या दिवशी नसतो.

## टप्पा ८: साहेब बदलल्यावर

२००५ च्या त्याच कायद्यात सर्वसाधारण पदावधी तीन वर्षांचा आहे आणि बदल्या एप्रिल-मे मध्ये व्हायच्या असतात. प्रत्यक्षात त्या कधीही होतात. म्हणून दोन पानी माहितीपत्र बारा महिने तयार ठेवा: करार दिनांक, फाइल क्रमांक, शाळांची यादी, आजवर झालेलं काम, पुढच्या तीन महिन्यांत काय अपेक्षित.

नवे अधिकारी रुजू झाल्याच्या पहिल्या आठवड्यात पुष्पगुच्छ घेऊन जाणाऱ्यांची रांग असते. त्या रांगेत उभे राहू नका. दहा-पंधरा दिवस जाऊ द्या. त्याआधी टेबलावरच्या लिपिकांना भेटून "माहितीस्तव सादर" अशी छोटी टिपणी वर ठेवायला सांगा, म्हणजे तुम्ही भेटाल तेव्हा फाइल त्यांच्या समोर असेल. भेटीत नवं काहीच मागू नका. एखाद्या शाळेला भेट द्या एवढंच म्हणा, आणि शाळा अशी निवडा की जिथे काम जेमतेम चाललंय. चांगली शाळा त्यांना दुसरं कुणीतरी दाखवेलच.

## टप्पा ९: मधे पैसे येणार असतील तर

बिनपैशांचा करार आणि निधीचा करार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या वर्षी निधी मागू नका, हे माझं ठाम मत.

मागायचाच असेल तर: स्वतंत्र बँक खाते, पीएफएमएसवर (सरकारी निधीचा हिशेब ठेवणारी ऑनलाइन प्रणाली) नोंदणी, आणि पहिल्या दिवसापासून खर्चाची पावती त्या योजनेच्या नावाने. केंद्राच्या अनुदानाला सर्वसाधारण वित्तीय नियम २०१७ लागू होतात. आर्थिक वर्ष संपल्यापासून १२ महिन्यांत नमुना १२-ए मध्ये उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचं असतं, आणि अनुदानावर मिळालेलं व्याजही परत करायचं असतं. व्याज आपलं समजून वीजबिल भरणाऱ्या संस्था पाहिल्यात. हप्ता उशिरा येईल हे धरूनच चाला. दुसऱ्या हप्त्याच्या भरवशावर पगार ठरवू नका.

कंपनीचा सीएसआर (सामाजिक दायित्वाचा) निधी येणार असेल तर संस्थेकडे सीएसआर-१ नोंदणी हवी (१ एप्रिल २०२१ पासून सक्तीची), आणि करार त्रिपक्षीय करा. शाळेच्या भिंतीवर कंपनीचं नाव केवढ्या अक्षरात येणार, तेही लेखी. हसू नका, यावरून एक उद्घाटन थांबलेलं मी पाहिलंय. परदेशी निधी असेल तर तो सोबतच्या दुसऱ्या संस्थेला वळता करता येत नाही. २०२० च्या दुरुस्तीने ते बंद झालं आहे. तीन संस्था मिळून काम करणार असाल तर खर्चाची वाटणी आधीच त्या हिशेबाने लावा.

शासनाचा मोठा निधी घेणारी संस्था माहिती अधिकाराच्या कक्षेत येऊ शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. तेव्हा व्हाउचर असं ठेवा की उद्या गावातल्या कुणी मागितलं तर झेरॉक्स काढून देता येईल.

## टप्पा १०: बाहेर पडताना

करार संपण्याच्या सहा महिने आधी ठरवा: वाढवायचा की थांबायचं. वाढवायचा असेल तर मुदतवाढीचा अर्ज करार जिवंत असताना आवक करा. संपल्यावर केला तर तो नवा प्रस्ताव धरला जातो आणि तुम्ही पुन्हा टप्पा ४ वर.

थांबायचं असेल तर एका सत्रात हळूहळू हात काढा. आठवड्याचे तीन दिवस दोनवर आणा, मग एकावर, आणि त्या वेळात शिक्षिकेला वाचनाचा तास घेताना तुमची कार्यकर्ती नुसती शेजारी बसू दे. शेवटच्या महिन्यात प्रत्येक शाळेत ठेवलेली पुस्तकं, कार्डं, पेट्या मोजा. त्यांची नोंद शाळेच्या जडसंग्रह नोंदवहीत (टिकाऊ वस्तूंच्या रजिस्टरमध्ये) मुख्याध्यापकांकडून करून घ्या, नाहीतर पुढच्या तपासणीत ती पुस्तकं कुणाचीच नसतात आणि कुलूपबंद होतात. नोंदीचा पान क्रमांक आणि अनुक्रमांक उतरवून घ्या, बावीस शाळांचा तक्ता करा, तो समाप्तीच्या पत्राला जोडा आणि पत्र टपाल शाखेत देऊन पोच घ्या.